महाविद्यालयाचा संग्रह : ढालींपेक्षा कार्यक्रमपत्रिका मोलाची

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने ऐतिहासिक संग्रह उभारायचे ठरवले आहे. ढाली, चषक, बिल्ले, समूह छायाचित्रे, वार्षिकांक असे बरेच साहित्य येत आहे. जागा मात्र एकाच खोलीची आहे. काय ठेवावे, कसे जपावे आणि जुन्या प्रथांची नोंद कशी करावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ढाली आणि चषक कपाटात शोभून दिसतात, परंतु त्यांच्याकडून कळते थोडेच. त्यांवरील कोरीव मजकूर टिपून घ्यावा आणि निवडक तेवढे ठेवावेत. याउलट स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, वसतिगृहाच्या मेसची हिशेबवही आणि वार्षिकांकातील चिटणिसांचे अहवाल यांतला एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नये. नाटकातील स्त्रीभूमिका कोण करीत असे, मेसचे बिल किती येई, वादविवादाला कोणते विषय असत, हे तिथेच सापडते.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवताना नागपूरचाच इतिहास कामी येतो. १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस ही महाविद्यालये आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी व पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये मिळाले. त्यामुळे पदवीपत्रावरची मुद्राच बरेच सांगून जाते. सरकारी पत्राच्या शिरोभागी ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असेल तर ते १९५० पूर्वीचे, ‘मध्य प्रदेश’ असेल तर सामान्यतः १९५६ पर्यंतचे आणि ‘मुंबई राज्य’ असेल तर १९६० पर्यंतचे समजावे. मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा जुन्या नावाचे बिल्ले आणि शिक्के आवर्जून ठेवावेत.

समूह छायाचित्राला नवी चौकट करताना खालचा नावे छापलेला पुठ्ठा कापून टाकण्याची दुर्बुद्धी बऱ्याच ठिकाणी होते. नावे गेली की उरतात ते फेटे आणि टोप्या. नावे छापलेली नसतील तर वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांना छायाचित्र दाखवून ती लिहून घ्यावीत. मागे लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे.

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये व सेलोटेप लावू नये. टाचण्या काढाव्यात, त्या गंजतात. वर्तमानपत्रांची कात्रणे वेगळ्या पाकिटात ठेवावीत, कारण त्या आम्लयुक्त कागदाचा डाग शेजारच्या कागदावर उमटतो. एक गोष्ट विदर्भापुरती : या खोलीत पाण्याचा कूलर लावू नये. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला तरी ओलसर हवेपेक्षा पंखा बरा, कारण दमटपणामुळे बुरशी आणि कसर दोन्ही फोफावतात.

प्रथांची नोंद माणसांकडूनच मिळणार. ‘तुमच्या वेळचे वातावरण कसे होते?’ असे विचारले तर भाषण ऐकावे लागते. त्याऐवजी शेलापागोटे, म्हणजे स्नेहसंमेलनात एकमेकांवर वाचले जाणारे विनोदी शेरे, कोण लिहीत असे, ती आधी प्राध्यापक तपासत का, कुणी दुखावले तर काय होई, असे नेमके विचारावे. वेगवेगळ्या तुकड्यांच्या माणसांना स्वतंत्रपणे विचारावे आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही जशीच्या तशी, वर्षासह नोंदवावीत. कित्येकदा मधल्या काळात प्रथाच बदललेली असते.

प्रत्येक वस्तू घेताना ती भेट आहे की केवळ स्कॅन करण्यापुरती दिली आहे, हे लिहून दात्याची सही घ्यावी आणि पोचपावती द्यावी. पुढे वारसदार वस्तू मागायला आले, तर हाच कागद उपयोगी पडतो.