विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरावर सिटकॉम लिहायची आहे. टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमधून नेमकं काय घ्यावं?

विनोद घेऊ नका, रचना घ्या. बीबीसीची 'द यंग वन्स' (१९८२–८४) बघा. चार विद्यार्थी आणि एक कळकट घर, बस्स. रिक स्वतःला क्रांतिकारक कवी समजतो, व्हिव्हियन दिसेल ते फोडतो, बिचारा नील सगळ्यांसाठी रांधून वर बोलणी खातो आणि माइकला वाटतं घर आपणच चालवतो. यांना नुसतं एका खोलीत बसवलं तरी भांडण पेटतं, कथानक नंतर शोधलं तरी चालतं. (तिथली तोडफोड मात्र नक्कल करायला जाऊ नका, ती त्यांनाच शोभते.)

चॅनल फोरच्या 'फ्रेश मीट'मध्ये (२०११–१६) मँचेस्टरमधले सहा जण आहेत. तिथे हसू येतं ते सोंगांमुळे: घर सोडून आलेला जो तो आपण कोणी वेगळेच आहोत असं भासवतो आणि उघडा पडतो. मला ही वाट नवख्यासाठी जास्त सोपी वाटते.

आवडता एक भाग दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक प्रसंगात कोणाला काय हवंय आणि आडवं कोण येतंय, एवढंच लिहून काढा.

मग स्वतःची पात्रं तपासा. विजेचं बिल थकलंय, प्रत्येक जण काय करेल? दोघांचं उत्तर सारखं आलं तर एकाला काढून टाका. शिवाय एकमेकांचा इतका वैताग असूनही कोणी घर का सोडत नाही, याचं ठोस कारण पहिल्याच भागात द्या. अडकलेलं डिपॉझिटही पुरेल.