बारावीनंतर चार वर्षांची पदवी नको असेल, तर गोव्यात काय करता येईल?

तू लिहिलंयस: सत्तरी तालुक्यातला आहेस, बारावी कॉमर्स, 58 टक्के. 2018 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्यावर वडिलांनी खनिज वाहायचा ट्रक विकला आणि आता बी.कॉम. चार वर्षांचं झाल्यामुळे तेवढी वर्षं घरी परवडणार नाहीत. मी डिचोलीचा. तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो.

आधी एक गैरसमज काढून टाक. चौथं वर्ष सक्तीचं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्सवाल्यांसाठी. एका वर्षानं सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊनही निघता येतं. मात्र तसं निघायचं तर 4 क्रेडिटचं व्यवसाय शिक्षण वेगळं पुरं करावं लागतं. बी.कॉम.चं एका वर्षाचं सर्टिफिकेट बघून कामावर ठेवणारा मालक मला तरी अजून भेटलेला नाही.

माझी बारावी 2012 सालची. तोवर आमच्या भागात हिशेब सोपा होता: एक ट्रक बापाचा, दुसरा हप्त्यांवर मुलाचा. त्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं. आमचा ट्रक अंगणात आंब्याखाली उभा राहिला तो राहिलाच. घरात घाबरगुंडी उडाली आणि त्या घाबरगुंडीत मी एका खासगी संस्थेत ‘हॉटेल मॅनेजमेंट डिप्लोमा’ला नाव घातलं. साठ हजार भरले, आईची माळ सोसायटीत गहाण ठेवून. वर्षभर नॅपकिनच्या घड्या शिकलो आणि सोनेरी अक्षरांचा कागद मिळाला.

तो घेऊन कळंगुटला एका हॉटेलात गेलो. तिथल्या माणसानं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “हे कोणाचं?” मी संस्थेचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “ते वाचलं रे. पण हे मानतो कोण?” मला उत्तर देता आलं नाही. मेन्टेनन्सला हेल्पर हवा होता, तिथं ठेवून घेतलं.

तिथल्या एसी मेकॅनिकबरोबर मी शिडी धरायचो. समुद्राकडच्या खोल्यांच्या बाहेरच्या युनिटच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्यानं अशा खाल्लेल्या असायच्या की बोट लावलं तर पापडासारख्या चुरायच्या. ते काका साबणाचा फेस लावून गळती शोधायचे. तांब्याच्या नळीवर एवढासा बुडबुडा फुगला की “हां, सापडला!” मग डाग द्यायचा, पंप लावून नळीतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि त्यानंतरच गॅस भरायचा. पंपाला अर्धा तास का घालवायचा ते त्यांना सांगता यायचं नाही, पण त्यांनी तो कधी चुकवला नाही.

पुढच्या वर्षी आयटीआयला एसी-फ्रिज मेकॅनिकला गेलो तेव्हा कळलं: हवेतला ओलावा आत राहिला तर तो बारीक नळीत गोठतो आणि तेलात मिसळून आम्ल करतो, मग कॉम्प्रेसर जातो. हात काकांनी दिला, कारण आयटीआयनं दिलं. आज हे दोन्ही लागतं. जुना आर-22 गॅस जात चाललाय, घरच्या नव्या एसींत बहुतेक आर-32 असतो आणि तो पेट घेऊ शकतो. नुसता अंदाजानं गॅस भरणाऱ्याचं तिथं काम नाही.

म्हणून तुला सांगेन, कोर्स कुठलाही बघ, पण पैसे भरण्याआधी हॉटेलातल्या त्या माणसाचा प्रश्न विचार: हे कोणाचं, आणि मानतो कोण?

या प्रश्नाला आयटीआय उतरतं. तिथला राष्ट्रीय ट्रेड दाखला (एनटीसी) देशभर चालतो, फी नाममात्र. तुझ्या बाजूला होंड्याला सरकारी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी मेकॅनिक हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर एका वर्षाचे. कॉम्प्युटरचा ‘कोपा’ही एका वर्षाचा. कॉमर्सवाल्याला पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत, पण दोन वर्षांच्या आयटीआयनंतर घेतात. तिथून पुढे फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. लांबचा आहे, पण बंद नाही.

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप, लोक उगाच हलकी समजतात. 1961 चा कायदा आहे तिला. करार होतो, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत बारावी पासला ते महिना किमान 7,000 रुपये ठरवलं होतं. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे ना, ते बघ. नाहीतर तो ‘ट्रेनी’ म्हणजे स्वस्तातला गडी.

बोटीवर जायचं डोक्यात असेल (कोणाच्या नसतं!), तर डेकवर किंवा इंजिनात खलाशी म्हणून जायला जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. संस्थेला डीजी शिपिंगची (केंद्राच्या जहाज खात्याची) मान्यता हवी, आणि नोकरी लावणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल परवाना. ही नावं डीजी शिपिंगच्या साइटवर सापडतात. माझ्या मावसभावानं तेवढं बघितलं नाही आणि दोन लाख एका एजंटाच्या घशात गेले. बोट आली नाही, एजंटाचा फोनही लागेना.

हॉटेलातच जायचं असेल तर किचनमध्ये जा. पर्वरीला आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था) आहे, तिथं पदवीखेरीज छोटे कोर्सही असतात. चांगला भाजणारा, तळणारा माणूस पावसाळ्यातही घरी बसत नाही.

आणि सरकारी नोकरी. एलडीसीला, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या जागेला, बारावी चालते. कॉम्प्युटर, टायपिंग आणि कोंकणी लागते. परीक्षा जरूर दे, पण हातात दुसरं काम असताना दे. जाहिरातीची वाट बघत मठाच्या कट्ट्यावर तिशी गाठलेले आमच्या वाड्यावर चौघं आहेत. आणि ‘पैसे दे, लावतो’ म्हणणाऱ्याला दारातच उभा कर.

पदवीचं म्हणशील तर ती मी नंतर केली, इग्नूतून बी.ए., कामावरून आल्यावर रात्री. बायको म्हणते, लग्नासाठी केली. तिचं अगदीच खोटं नाही.

आता या आठवड्यात एक कर. सकाळी दहाच्या सुमारास होंड्याला जा, वर्कशॉपचं दार उघडं असतं तेव्हा. ऑफिसात मागाहून जा; आधी मुलं काय करतात ते उभा राहून बघ, आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्याला विचार, मागच्या बॅचमधले कुठं लागले. फाइलमध्ये दहावीचं मार्कशीट वर ठेव. तिथं पात्रता दहावीची आहे, बारावीचं नंतर विचारतात.