चॅम्पियनशिप बघायला सुरुवात करताय?

इंग्लंडची रग्बी लीग चॅम्पियनशिप (सुपर लीगखालची दुसरी श्रेणी) बघायची तर आधी रग्बी युनियनचे, म्हणजे पंधरा खेळाडूंच्या रग्बीचे, नियम डोक्यातून काढा. इथे एका बाजूला तेरा खेळाडू, आणि सहा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून अडवणं) झाले की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. कबड्डीतल्या 'करो या मरो' चढाईसारखंच दडपण! पाचवा टॅकल झाला की नजर हाफबॅकवर, म्हणजे संघाच्या चाली रचणाऱ्या खेळाडूवर, ठेवा, किक बहुधा तोच मारतो.

बॅटली या क्लबचा सामना मिळाला तर सोडू नका. त्यांचं माउंट प्लेझंट मैदान चक्क उतारावर आहे. पहिल्या हाफमध्ये चढावर कोण खेळलं हे न बघता मध्यंतराचा स्कोअर वाचाल तर हमखास फसाल.

बरेच खेळाडू नोकरी सांभाळून संध्याकाळी सरावाला येतात, शिवाय सुपर लीगमधले उसने खेळाडू ये-जा करतात. तेव्हा टीमशीट (त्या सामन्याच्या खेळाडूंची यादी) बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका.

बढतीचं गणित मात्र विचित्र. लंडन ब्रॉन्कोज या क्लबने 2023 ची चॅम्पियनशिप फायनल फ्रान्समधल्या टूलूजमध्ये जाऊन जिंकली आणि सुपर लीग गाठली. पण पुढे सुपर लीगमधल्या जागा ठरवणाऱ्या, त्याच महिन्यात आलेल्या क्लबांच्या ग्रेडिंगमध्ये त्यांचा नंबर 24वा! स्टेडियम, प्रेक्षक, पैसा, सगळ्याचे गुण धरतात. मला हे अजिबात पटत नाही, पण गुणतक्ता वाचताना ग्रेडिंगची यादी शेजारी ठेवाच.