मोठ्या स्पर्धेच्या आयोजनात काम केलं तर मॅच बघायला मिळते का?

प्रश्न असा आहे: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, वर्ल्ड कपसारख्या स्पर्धेत पडद्यामागे काम करायची फार इच्छा आहे, तिथे नेमकं काय करावं लागतं आणि मॅच बघायला मिळते का?

मॅच बघायला मिळत नाही. तेवढ्यासाठीच जायचं असेल तर सरळ तिकीट काढा.

मी नागपूरचा. २०११ च्या वर्ल्ड कपच्या चार मॅच आमच्या जामठ्याला झाल्या, तेव्हा महिनाभर तिथे कामाला होतो. काम अ‍ॅक्रेडिटेशनचं, म्हणजे गळ्यातली कार्डं बनवायची, वाटायची आणि कोण कुठपर्यंत जातो यावर लक्ष ठेवायचं. वडिलांनी १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरचं वनडेतलं एकुलतं एक शतक एकाच दिवशी पाहिलं होतं. ती मॅच घरी इतक्यांदा ऐकली होती की हे काम मिळताच मी बिनपगारी रजा टाकली.

पण पहिले काही दिवस कार्डांचं काम नव्हतंच. सगळ्यांना चिकटपट्टीच्या कामाला जुंपलं. आयसीसीच्या स्पर्धेत अधिकृत प्रायोजक सोडून दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव दिसू द्यायचं नसतं. मग फ्रिज, टीव्ही, कूलर, हात वाळवायची मशीन, जिथे जिथे नाव दिसेल तिथे पट्टी. भिंतीवरच्या पंख्यांचं नाव मधल्या गोल झाकणावर असतं. शिडीवर चढून, वाटी उपडी ठेवून कापलेली गोल पट्टी मी त्यावर बसवायचो. कड उचलली गेली की पुन्हा शिडी. असे किती पंखे केले ते मोजलं नाही, पण आजही कुठे पंखा दिसला की नजर आधी त्या झाकणावर जाते.

कार्डावर आकडे असतात, एकेक आकडा म्हणजे एकेक भाग. खेळाडू आणि पंचांचा भाग सगळ्यात कडक. सट्टेबाजांपर्यंत आतली बातमी जाऊ नये म्हणून तिथे मोबाइलसुद्धा नेता येत नाही. एकदा जनरेटरवाले काका दारावर अडले. म्हणाले, "भाऊ, दहा दिवसांपासून इथूनच जातो ना मी, ओळखत नाही का जी?" ओळखत होतो. पण त्या दिवशी काम दुसऱ्या भागात होतं आणि कार्डावर तो आकडा नव्हता. नवं कार्ड निघेपर्यंत ते हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिले. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. तरी पुन्हा तेच करीन, कारण एकाला ओळखीवर सोडलं की दारावरच्या पोराला दुसऱ्याला अडवायला तोंड राहत नाही.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मॅचच्या तीन दिवस आधी क्राइस्टचर्चला भूकंप झाला होता. खेळाडू काळ्या फिती लावून उतरले, मैदानावर मौन पाळलं. आम्हीही खोलीत उभे राहिलो. प्रिंटर बंद करायचा राहिला होता, तेवढ्या शांततेत तो एकटा कार्डं बाहेर टाकत होता.

१२ मार्चला भारत-दक्षिण आफ्रिका. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, वर थेट स्टँड. सचिनचं शतक झालं तेव्हा छतातून धुरळा टेबलावर पडला. मग भारत १ बाद २६७ वरून सर्वबाद २९६ झाला. त्या नऊ विकेट्स आम्ही आवाज कमी कमी होत जाण्यावरून मोजत होतो. शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हव्या होत्या, पीटरसनने चार चेंडूंत काम संपवलं, आणि वरून फक्त खुर्च्या उघडमिट झाल्याचा आवाज आला. एक चेंडूही पाहिला नाही, पण ती मॅच मला पाठ आहे.

तरी मनातली मॅच विचाराल तर २८ फेब्रुवारीची, कॅनडा-झिम्बाब्वे. स्टँड जवळजवळ रिकामे. झिम्बाब्वे १७५ धावांनी जिंकलं. पण अँब्युलन्स, दारावरची माणसं, पाणी, पट्ट्या, सगळं भारताच्या मॅचइतकंच चोख होतं. कॅनडाच्या खेळाडूंसाठी तोही वर्ल्ड कपच होता ना! त्या दिवशी मला आमच्या टीमचा जितका अभिमान वाटला तितका पुन्हा कधी वाटला नाही.

एक गोष्ट मात्र बोचते. १२ तारखेला मध्यरात्रीनंतर स्टँड झाडून झाले आणि झाडणाऱ्या बायकांना गावात सोडणारी ठेकेदाराची गाडी आलीच नाही. तेव्हा मेट्रो नव्हती, वर्धा रोडवर त्या वेळी ऑटो मिळणं शक्य नव्हतं. अकरा बायका गेटबाहेर फुटपाथवर बसल्या होत्या. खेळाडूंच्या बसचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आमच्या भिंतीवर लावलेलं होतं, ह्यांच्या गाडीचा साधा नंबरही कोणाकडे नव्हता. शेवटी आमच्यातल्या तिघांनी आपापल्या गाड्यांतून फेऱ्या मारल्या. शेवटच्या बाईला घरी सोडलं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि सहाला तिला दुसऱ्या कामावर जायचं होतं.

तुम्हाला काम मिळालं, तर एक्सेल नीट येऊ द्या, बूट चांगले घ्या, फोटो आणि ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवा, पोलीस पडताळणीला लागतात. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा, झाडणाऱ्या बायकांची गाडी किती वाजता आहे आणि ड्रायव्हरचा नंबर काय.