पेटंटची किंमत कशी ठरवावी आणि ते कसे विकावे? : वाचकांची प्रश्नोत्तरे

कोणत्याही संस्थेच्या आधाराविना, स्वतःच्या खर्चाने शोध लावणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. शोध लागला, पेटंटही मिळाले किंवा मिळण्याच्या वाटेवर आहे, पण त्याचा मोबदला पदरात कसा पाडून घ्यावा हे उमगत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माझे छोटे वर्कशॉप आहे. रोपे तयार करण्यासाठी उसाच्या कांडीतून डोळा काढणाऱ्या यंत्रावर मला दोन वर्षांपूर्वी पेटंट मिळाले. त्यापायी सहा लाख रुपये खर्च झाले. आता एक अवजार कंपनी सगळे हक्क पाच लाखांना मागते आहे. योग्य किंमत कशी काढावी?

उत्तर : सहा लाखांचा आकडा प्रथम मनातून काढून टाका. तुमच्या खर्चाशी घेणाऱ्याला कर्तव्य नसते. पेटंट हाती आल्याने आपली कमाई किती वाढेल आणि ते न घेता तेच काम दुसऱ्या रीतीने करता येईल का, एवढेच तो पाहतो. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पेटंटमधील वर्णनात किंवा आकृत्यांत नसते, ते शेवटी दिलेल्या दाव्यांमध्ये, म्हणजे नेमक्या कशावर हक्क आहे हे सांगणाऱ्या कलमवार वाक्यांमध्ये, असते. पहिल्या दाव्यात ‘स्प्रिंगने मागे येणारे अर्धगोल पाते’ असे लिहिले असेल आणि कंपनीच्या अभियंत्याला स्प्रिंग वगळून पाते मागे आणण्याची युक्ती सुचली, तर त्या दाव्यातून तो सहज निसटू शकतो. दाव्यात अटी जितक्या जास्त, तितके तुमचे कुंपण आखूड. म्हणून आकडेमोडीला बसण्यापूर्वी एखाद्या चांगल्या पेटंट एजंटकडून, शक्यतो ज्याने तुमचा अर्ज लिहिला नाही अशाकडून, दावे तपासून घ्या.

ते भक्कम निघाले तर पुढचा हिशेब रॉयल्टीच्या अंगाने करता येतो. उदाहरणापुरते धरू, की यंत्राची कारखान्यातील विक्री किंमत 40,000 रुपये आहे आणि 4 टक्के रॉयल्टी वाजवी आहे. म्हणजे एका यंत्रामागे 1,600 रुपये. पहिल्या वर्षी 100, दुसऱ्या वर्षी 250 आणि पुढची चार वर्षे दरवर्षी 400 यंत्रे खपली, तर सहा वर्षांची रॉयल्टी 31 लाख 20 हजार होते. पण हे पैसे आज हातात नाहीत, शिवाय खप अंदाजाइतका होईलच असे नाही. त्या जोखमीपोटी दरसाल 25 टक्के कसर धरली, तर त्याच रकमेचे आजचे मूल्य साधारण साडेतेरा लाख भरते. पेटंटची मुदत अर्ज दाखल केल्यापासून 20 वर्षे असते, तरी मी सहाच वर्षे धरली, कारण अशा अवजारांत तेवढ्या काळात नवी रचना पुढे येऊ शकते.

यातून आणखी एक वजावट करावी लागते. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंध असलेल्या कोणालाही विरोध दाखल करता येतो. ती मुदत तुमच्या बाबतीत उलटली आहे, हे तुमच्या बाजूचे. तरीही पेटंट कायद्याच्या कलम 64 खाली पेटंट रद्द करण्याची मागणी पुढे केव्हाही होऊ शकते आणि जाणकार खरेदीदार तेवढी जोखीम किमतीतून कापतोच. नफ्याच्या पंचवीस टक्के शोधकाला, असा एक ठोकताळा अजूनही सांगितला जातो. अमेरिकेतील पेटंट अपील न्यायालयाने 2011 मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या खटल्यात तो निराधार ठरवून बाजूला सारला. प्रत्येक शोधाचा नफ्यातील वाटा वेगळा असतो, हे त्यामागचे कारण मला पूर्ण पटते. तेव्हा अशा ठोकताळ्यावर विसंबू नका.

तुमचे दावे भक्कम असतील तर पाच लाख ही रक्कम मला कमी वाटते. सगळे हक्क एकरकमी देण्याऐवजी तीन लाख आगाऊ आणि त्यावर प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी, असा प्रस्ताव मांडून पाहा. खपावर विश्वास असलेली कंपनी त्यावर निदान बोलणी तरी करेल.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी तात्पुरत्या तपशिलासह पेटंटचा अर्ज केला. एका कंपनीला सगळी रेखाचित्रे हवी आहेत. पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शनही आहे. किती दाखवावे?

उत्तर : अर्जात जे लिहिले आहे तेवढेच दाखवावे. त्यानंतर तुम्ही यंत्रात केलेल्या सुधारणांना त्या अर्जाच्या तारखेचा आधार मिळत नाही आणि त्या प्रदर्शनात मांडल्या तर त्यांचे नावीन्यच धोक्यात येते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु गावोगावची कृषी प्रदर्शने आपोआप त्यात येत नाहीत. पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यावा लागतो, म्हणजे तुमच्या हातात चारच महिने आहेत. परदेशात अर्ज करण्यासाठी पहिल्या अर्जाच्या तारखेचा अग्रहक्क हवा असेल, तर त्याचीही मुदत तीच. शक्य असल्यास सुधारणांसह पूर्ण तपशील प्रदर्शनापूर्वीच दाखल करा.

कंपनीला रेखाचित्रे देण्यापूर्वी गोपनीयतेचा लेखी करार करा आणि कोणत्या तारखेला कोणता कागद दिला याची पोच घ्या. अमेरिकेत रॉबर्ट कर्न्स यांनी मोटारीच्या काचेवर थांबून-थांबून फिरणाऱ्या वायपरची योजना फोर्ड कंपनीला दाखवली होती. पुढे त्यांना 1978 मध्ये खटला भरावा लागला आणि 1990 मध्ये फोर्डने सुमारे एक कोटी दोन लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यांच्या हातात पेटंट होते, तरी बारा वर्षे गेली. ज्याच्याकडे अद्याप केवळ अर्ज आहे, त्याने कागदपत्रांबाबत किती जपायला हवे हे यावरून कळावे.

मंजुरीपूर्वीही अर्जातील हक्क विकता येतात. लेखी हस्तांतरणानंतर कलम 20 प्रमाणे नमुना 6 भरून अर्जदार बदलता येतो. किंमत अर्थातच कमी येते, कारण मंजूर दावे कोणते राहतील हे कोणालाच ठाऊक नसते. अर्ज साधारणतः 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. नमुना 9 भरून तो लवकर प्रसिद्ध करून घेता येतो. प्रसिद्धीच्या तारखेपासून हक्क सुरू झाल्याचे मानले जात असले, तरी नक्कल करणाऱ्यावर खटला पेटंट मिळाल्यावरच भरता येतो.

प्रश्न : पेटंट आम्हा दोघा मित्रांच्या नावावर आहे. मला माझा अर्धा हिस्सा विकायचा आहे, मित्र तयार नाही.

उत्तर : कलम 50 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर दोघांचा हिस्सा समान आणि अविभक्त असतो. दोघांपैकी कोणीही स्वतः उत्पादन करू शकतो आणि त्याच्या नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. परवाना देणे किंवा हिस्सा विकणे मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय होत नाही. समजुतीने सुटत नसेल तर कलम 51 खाली पेटंट नियंत्रकांकडे निर्देशांसाठी अर्ज करता येतो. तो मार्ग घेण्याआधी मित्रालाच तुमचा हिस्सा विकत घेण्याविषयी विचारून पाहा.

प्रश्न : कायमची विक्री चांगली की परवाना? करारात काय पाहावे?

उत्तर : ज्याला एकदाच रक्कम हवी आहे, मागे लागून हिशेब तपासण्याची उमेद नाही आणि घेणारा खात्रीचा आहे, त्याने विकावे. इतरांनी परवान्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. मात्र एकमेव परवाना देताना दरवर्षीची किमान रॉयल्टी ठरवून घ्या. ही अट नसलेला एक करार मी वाचला आहे. कंपनीने सात वर्षांत एकही यंत्र बाजारात आणले नाही आणि शोधकाला दुसऱ्या कोणाला परवाना देण्याची सोयही उरली नाही. आपल्या जुन्या मालाला स्पर्धा नको, एवढ्यासाठीही पेटंट घेऊन कपाटात ठेवले जाते. म्हणून ठरावीक काळात उत्पादन सुरू झाले नाही, तर हक्क तुमच्याकडे परत यावेत असे कलम हवेच.

रॉयल्टी नफ्यावर न ठरवता कारखान्यातील विक्री किमतीवर ठरवा, कारण नफा कागदावर कसाही दाखवता येतो. हिशेबाच्या वह्या वर्षातून एकदा तुमच्या लेखापालाला पाहता याव्यात. नूतनीकरण शुल्क कोण भरणार, हे स्पष्ट लिहा. व्यक्तीच्या नावावरील पेटंटसाठी तिसऱ्या ते सहाव्या वर्षांपर्यंत ऑनलाइन भरल्यास दरसाल 800 रुपये लागतात आणि पुढे ही रक्कम वाढत जाते. दोघांनीही दुसरा भरेल असे समजल्यामुळे पेटंट लोपल्याची उदाहरणे आहेत. लोपलेले पेटंट 18 महिन्यांच्या आत अर्ज करून पुन्हा सुरू करता येते, पण चूक हेतुपुरस्सर नव्हती हे पटवून द्यावे लागते. तुमच्या पुढच्या सगळ्या सुधारणा फक्त आम्हालाच द्या, असा मुद्दा कंपनीने करारात घातला असेल, तर तो कायद्याच्या कलम 140 खाली टिकत नाही, हे तिला नम्रपणे दाखवून द्या.

विक्री असो वा परवाना, कलम 68 प्रमाणे करार लेखी हवा, मग तो नमुना 16 भरून पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत चढवून घ्यावा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे. नोंद झाली नाही तर मालकीचा पुरावा म्हणून तो दस्त एरवी ग्राह्य धरला जात नाही.

प्रश्न : ग्राहक शोधून देतो म्हणून एक संस्था साठ हजार रुपये आगाऊ मागते आहे. द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. ज्याला विक्रीची खात्री आहे, त्याने विक्रीच्या रकमेतून दलाली घ्यावी. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर ‘आंतरराष्ट्रीय नोंदवहीत’ नाव घालण्यासाठी पैसे मागणारी सरकारी थाटाची पत्रेही येतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी आपल्या एजंटला दाखवा. गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ग्रामीण शोधकांना पेटंटसाठी आणि उत्पादक शोधण्यासाठी साहाय्य करते, तर 1953 पासून दिल्लीत असलेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ तंत्रज्ञानाचे परवाने उद्योगांना मिळवून देण्याचे काम करते. आधी या दोन्ही ठिकाणी लिहा. पत्रासोबत पेटंट क्रमांक, दाव्यांची प्रत आणि यंत्र चालतानाची छोटी चित्रफीत जोडा.