अक्कांच्या साड्यांची वाकळ

प्रश्न : शेजारच्या अक्का उन्हाळ्यात गेल्या. दाराला दार लागून वीस वर्षं आमची मैत्री. त्यांच्या लेकीनं मला पाच साड्या आणून दिल्या : दोन नऊवारी इरकली, दोन सुती सहावारी आणि रोजच्या नेसणीतली एक सिंथेटिक. वाकळ शिवावी असं मनात आहे, पण कापायला हात धजत नाही. – एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : आधी लेकीला विचारा. साड्या दिल्या म्हणजे कापायची मुभा दिली, असं धरून चालू नका. काही घरांत गेलेल्या माणसाचं कापड अंथरत-पांघरत नाहीत.

ती हो म्हणाली तर हिशोब असा. सहावारी साधारण साडेपाच मीटर, त्यातून दोन-दोन मीटरचे दोन तुकडे आणि पदर उरतो. नऊवारी आठ मीटरच्या आसपास, तिचे तीन तुकडे. म्हणजे चार साड्यांचे दहा. पाच थरांची एक वाकळ धरली तर दोन होतात; एक तुम्हाला, एक लेकीला. सहाच्या वर थर घेऊ नका, सुई निघत नाही. वजन यावं म्हणून मध्ये जुनी सोलापुरी चादर घालायचा मोह होतो, तोही टाळा. तिची वीण जाड असते. टाका वरच्या वरच राहतो आणि दोन धुण्यांत थर सरकतात.

शिवण्याआधी इरकलीच्या लाल काठावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ती साडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत गार पाण्यात वेगळी धुवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, सुटणारा रंग त्यानं थांबत नाही. खांद्याजवळ पिनेच्या गंजाचा ठिपका सापडेल. लिंबू-मिठानं तो जातो, पण जुनं सूतही तिथंच विरतं. राहू द्या ठिपका. काठात पिन अडकून राहिलेली नाही ना, तेवढं मात्र बोटांनी चाचपा.

कात्रीनं फक्त बोटभर चीर द्या आणि पुढे साडी फाडा; सूत सरळ फाटतं. विरलेल्या जागी फाट वाकडी पळते, तिथं एक धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. इरकलीचा पदर अंगाला तेणीनं, म्हणजे दोन्हीकडच्या उभ्या धाग्यांचे फासे एकमेकांत गुंतवून, जोडलेला असतो. तो जोड कापला की सुटत जातो, म्हणून पदराच्या हातभर अलीकडेच थांबा.

धड कापड वर आणि खाली, विरलेलं मध्ये. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा, मधून कडेकडे जात वीतवीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. कडेनं सुरुवात केली तर सगळ्या चुण्या मध्यावर गोळा होतात. मग पक्का धावदोरा : ओळींत बोटभर अंतर, टाका ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट, तो तुटत नाही, कापडच कापतो.

सिंथेटिक साडी यात घालू नका. सूत धुतल्यावर आटतं, ती आटत नाही, आणि वाकळ फुगते. पण अंगाचा वास तीच जास्त दिवस धरते. न धुता, डांबरगोळी न टाकता, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : गेलेल्या मित्राचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप माझ्याकडे आहेत. त्याचा नंबर बंद झाल्यावर ते जातील का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या फोनमध्ये उतरलेले निरोप त्याचा नंबर बंद झाल्यानं जात नाहीत. ते जातात ते तुमचा फोन बिघडल्यानं, किंवा जागा करायला केलेल्या साफसफाईत. न उघडलेला निरोप उतरलेला नसू शकतो. एकेक वाजवून बघा. त्या संवादात ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा, मीडियासह घ्या आणि स्वतःलाच ईमेल करा. फार मोठा संवाद पूर्ण निघत नाही, तेव्हा महत्त्वाचे निरोप वेगळे पाठवा. आवाजाच्या फाइलींच्या नावात तारीख असते, माणूस नसतो. आजच नाव घाला. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक त्याच्या घरी. आणि हेही ठाऊक असू द्या : वापरात नसलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. एखाद्या सकाळी त्याच नंबरावर अनोळखी फोटो दिसेल.

प्रश्न : शेजाऱ्याच्या आठवणीत गल्लीत कडुलिंब लावायचा आहे. एप्रिलमध्ये लावावा का? – एक वाचक, साखर पेठ

उत्तर : नको. पारा चाळिशीपार असताना रोप जगवणं कठीण. खड्डा आत्ता खणून तापू द्या, दोन फूट लांब-रुंद-खोल. रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. काळी माती उन्हात भेगाळते आणि मुळं उघडी पडतात, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. जागा रस्त्याची असेल तर आधी महापालिकेत विचारून घ्या. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी कोण घालणार, ते नाव ठरल्याशिवाय खड्डा खणू नका.