एटीव्ही बुंध्यावर आदळल्यापासून पुढचं चाक डगमगतंय. रिम बदलून काम होईल का?

तुम्ही लिहिलंय की एटीव्हीचं, म्हणजे जाड टायर आणि हँडल असलेल्या चारचाकीचं, डावं पुढचं चाक झाडाच्या बुंध्यावर आदळलं, चाकाचे चारही नट घट्ट आहेत, तरी हळू चालवताना चाक आत-बाहेर झुलताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. एवढ्यावरून रिम आउट झाली, म्हणजे वाकली असावी असं वाटणं साहजिक आहे, आणि ती शक्यता आहेही. पण रिम इतक्यात मागवू नका. आधी एकच गोष्ट शोधायची: काही वाकलंय की काही ढिलं झालंय? लांबून दोन्हींचं दर्शन सारखंच, दुरुस्ती मात्र पार वेगळी. जोरात धडक बसली असेल तर दोन्ही एकदम असू शकतं, म्हणून पहिला दोष सापडला की तिथेच थांबायचं नाही.

तोवर गाडी बाहेर काढू नका, अगदी सावकाशसुद्धा नाही. बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडची बाजू सस्पेन्शनच्या दांड्याला जोडणारा गोळीचा सांधा, सॉकेटमधून निसटला तर चाक आडवं पडतं आणि हँडल तुमच्या हातात नुसतं नावाला राहतं.

गाडी सपाट जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना अडण लावा, जॅकने पुढची बाजू उचला आणि फ्रेमखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक ओढाताण करून तपासायचं नसतं. आता चाकाचा वरचा आणि खालचा काठ धरा, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, आणि आळीपाळीने आत-बाहेर ढकला. मग ३ आणि ९ च्या जागी धरून तेच करा. प्रत्येक वेळी उजव्या चाकालाही तसंच हलवून बघा. धडक न बसलेली बाजू हे तुमच्याकडचं सगळ्यात विश्वासू मोजमाप आहे.

१२-६ ला खटखट लागली तर दोष बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. दोन्ही ओळखायची एक युक्ती मला फार आवडते, कारण तिला हत्यार लागत नाही. कुणाला तरी पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्क चिमटीत धरणारा भाग) नकलवर, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणाऱ्या न फिरणाऱ्या भागावर, बसलेला असतो, त्यामुळे ब्रेक दाबला की हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल एकमेकांना जखडतात. खटखट गेली किंवा बरीच कमी झाली तर प्ले, म्हणजे सैलपणा, बेअरिंगचा. तशीच राहिली तर बॉल जॉइंट, किंवा ए-आर्मच्या (फ्रेमपासून चाकाकडे येणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) मुळाशी असलेले बुश, म्हणजे सांध्यातले नळीसारखे तुकडे. बॉल जॉइंटचा संशय असेल तर टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचका आणि जॉइंटवर बोट ठेवा. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटाला टिचकीसारखा कळतो.

फक्त ३-९ लाच प्ले असेल तर टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचे) एंड बघा, तेही असंच बोट ठेवून. दोन्ही दिशांना सारखाच प्ले असेल तर पुन्हा बेअरिंगकडेच जा. पण बेअरिंग काढण्याआधी हबचं टोपण उघडून मधला मोठा नट पाहा. त्यातली स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडलेली पिन) तुटलेली किंवा गायब आहे का? बऱ्याच एटीव्हींमध्ये हाच नट बेअरिंग आवळून धरतो, तो सैल झाला की चांगलं बेअरिंगही खराब असल्यासारखं हलतं. पाहायला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून देतात.

आता समजा, कुठेच प्ले नाही. मग काहीतरी वाकलंय. चाकाशेजारी एखादा खिळा किंवा वायरचं टोक पक्कं बसवा, रिमच्या काठापासून केसभर लांब, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टायरकडे बघू नका, टायर फसवतो. धातूच्या काठाकडे बघा. फट कमी-जास्त होत असेल तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फटीतला फरक मोजा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये याची मर्यादा २ मिमीच्या आसपास असते, काही कंपन्या जास्त सूट देतात. चालताना डोळ्यांना दिसतं त्याअर्थी तुमचा फरक याहून मोठाच निघेल.

तरीही रिमवर शिक्का मारायचा नाही. चाक काढा आणि तेच टोक हबच्या तोंडाजवळ, म्हणजे रिम जिथे टेकते तिथे, लावून हब फिरवा. हब सरळ फिरला तर रिम दोषी. हबच झुलला तर हब वाकलाय, आणि फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आतला एक्सलही तपासावा लागेल. खात्रीसाठी डावं-उजवं चाक अदलाबदल करून बघा. झोल चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर रिम, जागेवरच राहिला तर हब. चाक हातात आहेच तर नटांची भोकंही बघून घ्या. ती लांबट झाली असतील किंवा एखादा स्टड तिरका असेल तर नट कितीही आवळा, चाक मध्यावर बसणार नाही.

तिसरा प्रकार जरा फसवा. चाक फिरताना झुलत नाही, पण कायमचं तिरकं उभं असतं, किंवा हँडल सरळ धरलं की ते चाक भलतीकडे बघतं. हे ए-आर्म, नकल नाहीतर टाय रॉडचं काम. ए-आर्मच्या फ्रेमकडच्या बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत टेप लावून दोन्ही बाजू मोजा. फ्रेमला वेल्ड केलेल्या पट्ट्या नीट पुसून बॅटरीच्या उजेडात पाहा. रंगाचे पापुद्रे सुटलेत किंवा गंजाची बारीक रेघ दिसतेय, तिथे तडा असायची दाट शंका. पट्टी वाकली असेल तर नव्या ए-आर्मचा बोल्ट सरळ जाणारच नाही. तिथे मात्र फ्रेमचं काम जाणणाऱ्यालाच हात लावू द्या.

दुरुस्तीबद्दल माझं मत कडक आहे. पत्र्याच्या रिमचा काठ किंचित दबला असेल आणि हवा टिकत असेल तर लाकडी ठोकळा ठेवून ठोकून काढायला हरकत नाही. पण बसायची मधली बाजूच वाकली असेल तर ठोकाठोकी व्यर्थ, आणि अलॉय रिम वाकली की बदलायचीच. टाय रॉड, नकल आणि ए-आर्म तापवून सरळ करायच्या फंदात पडू नका. सरळ दिसतात, पण धातूची ताकद गेलेली असते आणि पुढच्या खड्ड्यात ती कळते.

बेअरिंग बदलताना सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडकवणारी कडी) आधी काढा, नाहीतर प्रेस लावून नकल फोडाल. नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. आतल्या रिंगवर दाबलं तर तो जोर गोळ्यांमधून जातो, खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. हबचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरापर्यंत, आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. पिन नवीनच घाला.

टाय रॉड किंवा ए-आर्मला हात लावला असेल तर शेवटी टो, म्हणजे दोन्ही पुढची चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलीत ते, बघावा लागेल. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा भरा. एटीव्हीत ती कमीच असते, बहुतेकांत ४ ते ७ पीएसआय, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर मिळेल. हँडल सरळ ठेवा, दोन्ही टायरांच्या मध्यावर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीला खडूची खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी इतकी ढकला की त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येतील, आणि पुन्हा मोजा. खूण तीच असल्यामुळे रिम जराशी आउट असली तरी माप बिघडत नाही. मॅन्युअलच्या आकड्याला टो जुळवून लॉक नट आवळा.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, थोडं चालवून आल्यावर पुन्हा टॉर्क पाना लावा. आणि गाडी उचललेली असतानाच एक्सलच्या जॉइंटवरच्या रबरी बूटची (आवरणाची) घडी न् घडी उघडून बघा. बूट फाटलेला असेल, ग्रीस उडून रिमच्या आत बसलेलं असेल, तर तो जॉइंटही या यादीत धरा.